लालबागचे अणुवीर

राष्ट्र आपल्या वीरांना कधीही विसरत नाही. लालबागच्या पुलाखालच्या चौकात लागलेल्या वीस फुटी फ्लेक्सवर निदान तसं लिहिलं होतं. वाक्याच्या वर पक्षाच्या नऊ नेत्यांची गोल तोंडं, खाली हात जोडून उभा असलेला वैभव चव्हाण, म्हणजे नवतरुण मित्र मंडळाचा अध्यक्ष, आणि उजव्या कोपऱ्यात खुद्द वीर. वीराचा फोटो कुणाकडेच नसल्यामुळे तो इंटरनेटवरून उतरवला होता आणि तो रशियन होता.

शामराव गावडे दुधाची पिशवी हातात धरून त्या रशियनाकडे बघत उभे राहिले. टोपी आपल्या फौजेची नाही हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. पण ते सांगायला मंडळाच्या ऑफिसात जावंसं त्यांना वाटेना. गेल्या दोन महिन्यांत त्यांनी बरंच काही सांगितलं होतं, आणि दर वेळी स्मारक आणखी थोडं बिघडलं होतं.

शामरावांचं वय त्र्याहत्तर. एकाहत्तर साली ते आणि रामदास तांबे बरोबरच फौजेत सॅपर म्हणून भरती झाले. सॅपर म्हणजे फौजेला जिथे खड्डा लागेल तिथे तो खणणारा माणूस. दोघांचे बाप एकाच गिरणीत कामाला होते; फक्त प्यायच्या पाण्याची मडकी वेगळी होती. फौजेत मडकं एकच निघालं, म्हणून रामदासला फौज आवडली. पुढे त्यांच्या तुकडीने राजस्थानच्या वाळवंटात, पोखरणला, एक खड्डा खणला. फार खोल. कुणी विचारलं तर विहीर खणतोय म्हणायचं, घरच्या पत्रातसुद्धा विहीरच लिहायची, असा हुकूम होता. सह्यांसाठी एक कागद फिरला. तो इंग्रजीत असल्यामुळे दोघांनाही कळला नाही, आणि म्हणूनच फार पवित्र वाटला. चौऱ्याहत्तरच्या अठरा मेला त्या खड्ड्यात देशाचा पहिला अणुस्फोट झाला. देश पेढे वाटत होता तेव्हा शामराव आणि रामदास त्या जागेला तारेचं कुंपण घालत होते.

मग फौज सुटली, दोघे गिरणीत लागले, मग गिरणीही सुटली. शामराव एका बँकेत वॉचमन झाले. रामदास एकोणनव्वद साली गेला.

रक्ताचा कॅन्सर होता. परळच्या इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने त्याला विचारलं होतं, "मामा, कधी क्ष-किरणांचं, रसायनांचं, असलं काही काम केलंय का?" रामदासने खाटेवरून शामरावांकडे पाहिलं. शामरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. "फौजेत विहीर खणली, साहेब," रामदास म्हणाला. डॉक्टरने विहीर लिहून घेतली नाही.

आजार त्यामुळेच झाला असं कुणी कधी म्हणालं नाही; तसं म्हणण्यापुरती माहितीच कुणाला दिली नव्हती. सांगितलं असतं तर रामदास वाचला असता असंही नाही. पण सांगितलं नाही, एवढं खरं. त्या खिडकीला छत्तीस वर्षं झाली. एकदा तरी रामदासचं नाव दगडावर लागावं, ते कशासाठी लागलं हे लिहिलेलं असावं, आणि त्याच्या बायकोने, बकुळावहिनींनी, ते बघावं, एवढं एकच शामरावांच्या मनात उरलं होतं. आपण मेल्यावर ते कुणाच्या मनात येण्याची शक्यता नव्हती.

बोलायचं धैर्य त्यांना टीव्हीने दिलं. मार्चमध्ये एका चॅनेलवर एक निवृत्त साहेब पोखरणच्या आठवणी रंगवून सांगत होते, अँकर टाळ्या वाजवत होती. साहेबच बोलतोय म्हटल्यावर गुप्ततेची शपथ सुटली असावी, असा अर्थ शामरावांनी लावला. शपथ सुटल्याचं सॅपरांना कळवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नसेल.

"आता ह्या वयात तुमका पुतळो व्हयो?" मीनाक्षीकाकूंनी विचारलं. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती आणि बॉम्बचं त्यांनाही आत्ताच कळलं होतं. त्याचा राग त्यांनी बोंबील परतण्यावर काढला.

"माका नको गो. रामदासाक."

"तो बघूक येतलो?"

"वहिनी बघतली."

"बघतली," काकू म्हणाल्या, आणि पुढे काही बोलल्या नाहीत. हे त्यांच्या बाबतीत फार होतं.

वैभव चव्हाणला कल्पना जागच्या जागी आवडली. महापालिकेच्या निवडणुका आता लागतील, मग लागतील, अशी तीन वर्षं हवा होती. आणि विभागात गणपती, दहीहंडी, रक्तदान, छत्रीवाटप हे सगळं आधीच इतरांनी व्यापलेलं होतं. अणुबॉम्ब मोकळा होता.

"काका, बॉम्ब? आपल्या चाळीतल्या माणसाने? आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"शपथ होती रे."

"शपथ कसली! साधं ग्रुपवर टाकायचं ना! पन्नास वर्षं फुकट घालवलीत."

पुराव्याचं थोडं अडलं. शामरावांच्या फौजेच्या पुस्तकात त्या सालापुढे 'विहीर खोदकाम, पाणीपुरवठा' असा स्वच्छ शेरा होता. दिल्लीला पत्र लिहिलं, त्याचं उत्तर तत्परतेने आलं: आपण म्हणता तशी कोणतीही नोंद आढळत नाही. वैभवने पत्र दोनदा वाचलं. "काका, सरकारच विहीर म्हणतंय," तो म्हणाला. "पण टेन्शन नाही. पब्लिकला पुरावा लागत नाही, पब्लिकला देखावा लागतो."

म्हणून राजेशला बोलावण्यात आलं. राजेश मंडळाचे गणपतीचे देखावे करायचा. त्याने चौकाच्या मधोमध बारा फुटी फायबरचा अणुढग उभा करायचं ठरवलं. आतून केशरी लाइट, खालून धूर, वर तिरंगा. ढगाचा दांडा म्हणजे गेल्या वर्षीच्या समुद्रमंथनातला मंदार पर्वत होता.

"ढग आलाच नव्हता," शामराव म्हणाले. "सगळं जमिनीखाली झालं. जमीन वर आली नि खाली बसली. भाकरी फुगते तशी."

राजेशने हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला. "काका, मग चौकात भाकरी ठेवू का?"

"जे झालं ते सांगतो."

"झालं ते कोण बघायला आलं होतं? लोकांना बॉम्ब म्हटला की ढग पाहिजे. वासुकी नसता तर समुद्रमंथन कुणाला कळलं असतं?"

खरं तर शामरावांना ढगाशी देणंघेणंच नव्हतं. त्यांनी फक्त दगडाचं विचारलं.

दगड काळा ग्रॅनाइट होता, चांगला चार फुटी, आणि मजकूर आधीच भरलेला होता. खासदारांच्या प्रेरणेने, आमदारांच्या शुभहस्ते, माजी नगरसेवकांच्या प्रमुख उपस्थितीत, विभागप्रमुखांच्या मार्गदर्शनाखाली. त्याखाली संकल्पना, वैभव चव्हाण. त्याखाली मंडळाची कार्यकारिणी, सल्लागार, महिला आघाडी आणि खजिनदार. अगदी तळाशी, बूट लागेल अशा उंचीवर, एक ओळ रिकामी होती.

"तिथे वीर," वैभव म्हणाला.

"एका ओळीत?"

"काका, दगडालाही मर्यादा असते. एक नाव बसेल, तेही तुमच्या शब्दावर टाकतोय, नोंद नाहीये. तुमचंच टाकतो. जिवंत वीर म्हणजे स्टेजवर पण बसवता येईल."

"रामदासचं टाक."

"तो मेलाय ना?"

"म्हणूनच."

वैभवने शामरावांकडे जरा वेळ पाहिलं. माणूस हातचं नाव सोडतो, हे त्याने राजकारणात कधी पाहिलेलं नव्हतं. मग त्याने खांदे उडवले आणि कोरणाऱ्याला फोन लावला. तिसऱ्या दिवशी ओळ कोरली गेली: 'अणुवीर कै. रामदास तांबे'. शामरावांनी फुटपाथवर उकिडवं बसून तिच्यावरून बोट फिरवलं, आणि मोबाइलमध्ये फोटो काढला. दुसऱ्या प्रयत्नात आपलं बोट आलं नाही.

उद्घाटन रविवारी, अठरा मेला होतं. गुरुवारी शामराव इस्त्रीचा शर्ट घालून बकुळावहिनींना आमंत्रण द्यायला नायगावला गेले.

वहिनी घरी नव्हत्या, खाली बुद्धविहारात होत्या. वय सत्तर, गुडघे गेलेले, तरी दुपारी तीन ते पाच विहार उघडा ठेवायचं काम त्यांनी कुणाला दिलं नव्हतं. "या भावजी! वर्षातून एकदा पुण्यतिथीला येणारा माणूस आज मधेच कसा? मीनाक्षीने हाकलला का?" त्या हसल्या आणि स्टीलचा ग्लास भरून पुढे केला. "घ्या. तुमच्याच विहिरीचं पाणी."

शामरावांना आधी ते कळलं नाही. मग त्यांनी मागे पाहिलं. दाराबाहेर भिंतीशी नवा कोरा वॉटर कूलर होता आणि त्यावर पितळी पाटी होती. 'कालकथित रामदास भिवा तांबे यांच्या स्मरणार्थ. वाळवंटात विहीर खणून तहानलेल्यांना पाणी देणारे सैनिक.'

"विहारातल्या बायकांनी बसवला," वहिनी म्हणाल्या. "मागच्या वीस मार्चला. आता शाळेतली पोरं, टॅक्सीवाले, सगळे इथेच पितात. उन्हाळ्यात तर रांग असते."

शामराव पाणी प्यायले. थंड होतं. ग्लास खाली ठेवला, आणि आता निघावं, असं त्यांना स्पष्ट वाटलं. पण हात आपोआप खिशात गेला आणि मोबाइल बाहेर आला. छत्तीस वर्षं ज्यासाठी वाट बघितली ते हातात असताना माणूस थांबत नाही.

वहिनींनी चष्मा लावून फोटो डोळ्यांजवळ नेला.

"कै. काय हे? कैलासाला कधी गेला तो? नायगावहून थेट स्मशानात नेला, तुम्ही खांदा दिला होतात. कालकथित लिहा म्हणावं."

"सांगतो. बदलायला लावतो."

"आणि अणुवीर म्हणजे?"

शामरावांनी सांगितलं. खड्डा, हुकूम, कागद, स्फोट, कुंपण, दिल्लीचं पत्र. पन्नास वर्षं गिळून ठेवलेलं पाच मिनिटांत संपलं, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

बाहेर कुणीतरी कूलरचा नळ सोडला, बाटली भरली, नळ बंद केला.

"कुठल्या दिवशी म्हणालात?"

"अठरा मे. सकाळी."

"तिथी कुठली होती?"

शामरावांना हा प्रश्न नको होता. "बुद्धपौर्णिमा," ते म्हणाले. "रामदासने पहाटे तंबूत मेणबत्ती लावली होती. वंदना म्हटली. मग आम्हाला लांब नेऊन उभं केलं."

"बुद्धपौर्णिमेला बॉम्ब."

"हो."

त्या स्फोटाच्या गुप्त नावातही बुद्धच होता, हे शामरावांनी पुढे पेपरात वाचलं होतं. ते त्यांनी सांगितलं नाही. न सांगण्याची आता सवय झाली होती.

"म्हणजे पाणी लागलंच नाही कधी?"

"एकदा लागलं होतं. पहिल्या खड्ड्याला. साहेब लोक फार चिडले. पाणी नको होतं ना त्यांना. तो खड्डा सोडून दिला आणि दुसरीकडे खणायला लावलं."

"पण लागलं होतं."

"लागलं होतं. रामदासने ओंजळीत घेऊन चाखलं. खारं होतं."

वहिनींनी मान हलवली, जणू त्यातलं एवढंच त्यांनी ठेवून घेतलं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरने विचारलं तेव्हा तुम्ही तिथेच होतात. खिडकीपाशी."

"होतो."

"मी दारात होते. तुम्ही तोंड फिरवलंत. मला वाटलं, तुम्हाला रडू आलं."

शामरावांनी त्यांच्या हातातला मोबाइल घेऊन खिशात ठेवला.

"नाव काढा ते," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, खरं आहे ते."

"खरं तेव्हा सांगायचं होतं. तेव्हा त्याचा उपयोग होता." त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर शामरावांना बरं वाटलं असतं. "माझ्या सासऱ्याला गिरणीत लांबून पाणी ओतायचे. त्यांच्या मुलाने वाळवंटात विहीर खणली आणि ते पाणी बाटलं असं कुणी म्हणालं नाही. दर वीस मार्चला, चवदार तळ्याच्या दिवशी, मी इथे उभी राहून बायकांना हे सांगते. पस्तीस वर्षं सांगते. त्याचं पत्र आहे माझ्यापाशी, त्याच्या अक्षरातलं, विहीर खणतोय म्हणून. नवरा मेला तेव्हा माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, भावजी. त्या विहिरीवर मी मुलगा वाढवला. आता काय सांगू? पौर्णिमेला बॉम्ब पुरला म्हणून सांगू?"

"देशासाठी—"

"देशाचं दिल्लीने तुम्हाला लिहून दिलंय ना? काय लिहिलंय?"

"नोंद नाही म्हणून."

"मग. माझ्याकडे नोंद आहे." त्यांनी पाटीकडे बोट केलं नाही, पण शामरावांनी तिकडे पाहिलं. "आणि तुमचंही नाव नको तिथे. तुम्ही दोघं एका खड्ड्यात होतात हे सगळ्या परळला ठाऊक आहे. तुमचं आलं की त्याचं आलंच."

"ठीक आहे."

"पाणी आणखी घेता?"

"नको."

त्यांनी ग्लास विसळला आणि जागेवर उपडा ठेवला.

शामराव नायगावहून लालबागपर्यंत चालत आले. मंडळाच्या ऑफिसात वैभव निमंत्रणपत्रिकांवर नावं घालत होता. शामराव खुर्चीवर न बसता म्हणाले, "वैभवा, ते नाव काढ. रामदासचं."

"का? कै. चं लफडं ना? मला फोन आला एकाचा. कालकथित करून घेऊ, त्यात काय."

"नाही. पूर्णच काढ. तसं काही झालंच नव्हतं."

"म्हणजे?"

"विहीरच होती ती," शामराव म्हणाले. "आम्ही विहीर खणली. बॉम्बचं मी रचून सांगितलं."

पहिल्या वेळी हे वाक्य त्यांनी हुकमावरून म्हटलं होतं. या वेळी कुणी सही मागितली नव्हती, तरी ते पहिल्यापेक्षा सफाईने बाहेर पडलं.

वैभवने पेन खाली ठेवलं. "काका, येडा बनवत होतात आम्हाला? दोन महिने? आमदारसाहेबांची तारीख घेतलीय मी! बारा फुटी ढग उभा आहे बाहेर!"

"चुकलं माझं."

"चुकलं काय! वयाचा मान ठेवतो म्हणून, नाहीतर..." नाहीतर काय, हे त्याला सुचलं नाही. तो डोकं धरून बसला. शेवटी राजकारणी होता, मिनिटभरात सावरला. "ठीक आहे. स्मारक तर होणार. सगळ्याच अणुवीरांचं म्हणू. नाव नसलं म्हणून काही अडत नाही, उलट वाद नाही. पण तुम्ही गप्प राहायचं. एक शब्द कुठे बोलायचा नाही."

"नाही बोलणार," शामराव म्हणाले. या कामाचा त्यांना अनुभव होता.

शनिवारपर्यंत चाळीत सगळ्यांना कळलं. लाँड्रीवाल्याने शामरावांना "काय गावडेकाका, बॉम्ब कुठे ठेवलात?" असं विचारलं. जिन्यावर पत्ते खेळणाऱ्यांनी त्यांना नवं नाव ठेवलं. मीनाक्षीकाकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त, "खोटा तुमका कधी बोलूक येय नाय. ह्या कसा जमला?" असं म्हणाल्या. शामरावांनी वहिनींचं सांगितलं. काकू बराच वेळ भाकरी थापत राहिल्या. मग म्हणाल्या, "रविवारी घरातच रवा."

पण शामराव गेले. अठरा मेला घरात बसणं त्यांना आजवर कधी जमलं नव्हतं. ते मागच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. आमदार दोन तास उशिरा आले. ढगातून धूर निघाला, केशरी लाइट लागला, डॉल्बीवर देशभक्तीची गाणी झाली. एका आजीने ढगाला हात जोडले. सूत्रसंचालन करणाऱ्या अपूर्वा मॅडमच्या हातात यादी जुनीच होती. त्यात शामरावांच्या नावापुढे 'सत्कार' लिहिलं होतं आणि मॅडमनी ते वाचून टाकलं. वैभवने धावत जाऊन त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं.

"आता सत्कार करूया," मॅडम म्हणाल्या, "पाणीपुरवठा खात्याचे निवृत्त कर्मचारी, श्री. शामराव गावडे यांचा."

पुढच्या रांगांत हशा झाला. शामराव उठले, स्टेजवर गेले, शाल आणि नारळ घेतला, आणि माईकवर दोन शब्द बोलण्याची विनंती हात जोडून नाकारली. खाली उतरताना पडदा बाजूला केलेला दगड त्यांच्या उजव्या हाताला आला. तळाची ओळ घासून सपाट केली होती आणि त्यावर नवी कोरली होती: 'विशेष सहकार्य: राजेश डेकोरेटर्स'. घासलेली जागा बाकीच्या दगडाहून जराशी खोल होती. दुपारच्या उन्हात ती बोटाला लागेल एवढी दिसत होती, पण शामराव वाकले नाहीत.

लालबागच्या चौकातलं अणुवीर स्मारक अजून आहे. दगडावर एकूण एकोणीस नावं आहेत. त्यांतलं कुणीही पोखरणला गेलेलं नाही. खजिनदार जयवंत पेडणेकर दोन वर्षांपूर्वी कुटुंबासह जैसलमेरच्या सहलीला गेले होते, पण त्यांची बस पोखरणला थांबली नाही.